फाटकावरची बारी

नांदेडात कापसाचा हंगाम दसऱ्याला सुरू व्हायचा आणि होळीपर्यंत चालायचा. तेवढ्या महिन्यांसाठी साखराबाई लोह्याकडच्या आपल्या खेड्यातून नवऱ्याबरोबर यायची. सटवाजी मोंढ्याच्या बाजारात हमाली करायचा, ती जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायची. बाई ठेंगणी, पण हसली की यंत्राच्या घरघरीवरही ऐकू जायची.

निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षं. त्या साली जिनात कापूस झाडायचं नवं यंत्र आलं. आधी साठ बाया लागायच्या, आता चाळिसांत भागू लागलं. आल्या मात्र साठच्या साठ. सकाळी भोंग्याआधी फाटकासमोर झुंबड उडायची आणि वीरभद्र मुकादम काठीनं दाखवायचा, तू ये, तू जा. कोणी त्याला तूप नेऊन द्यायची, कोणी कोंबडी. वर दर पंधरवड्याला मजुरी थोडी कमी. कोणी कुरकुरली की तो फाटकाबाहेर बोट दाखवी. "त्या उभ्याच हायत. तुला परवडत नसंल तर नको येऊ."

एके दिवशी रेटारेटीत शिवकांता पडली, कडेवरच्या लेकरासकट. लेकरू वाचलं, तिचा गुडघा फुटला. तिला रेटणारी साखराबाईच होती. साखराबाईला त्या दिवशी काम मिळालं.

दिवेलागणीला ती हळद घेऊन शिवकांताच्या खोपटात गेली.

"चुकलं माझं."

"तुम्ही नसतं रेटलं तर मी तुम्हाला रेटलं असतं, अक्का."

साखराबाई गुडघ्यावर हळद दाबत राहिली. मग म्हणाली, "आमच्या गावात एका विहिरीवर तीन भाऊ पाणी घेतात. भांडण न्हाई. ज्याची बारी, त्याची मोट. आपल्याला का जमू नये?"

हिशेब सोपा होता. वीस-वीसचे तीन गट. दोन गट कामाला, तिसरा घरी. घरच्यांनी सगळ्यांची लेकरं सांभाळायची. साखराबाई चार दिवस खोपटं हिंडली. मुकादमाला कोंबडी देणाऱ्या बाया ऐकणार नाहीत असं तिला वाटलं होतं, पण त्यांच्यातलीच तारामती सगळ्यांत आधी तयार झाली. "माझ्याकडं एकच कोंबडी उरली हाय," ती म्हणाली. "ती तरी वाचंल."

पाचव्या दिवशी फाटकावर बरोबर चाळीस बाया आल्या आणि ओळीनं उभ्या राहिल्या. वीरभद्र गोंधळला.

"बाकीच्या कुठं हायत?"

"घरी. आज त्यांची बारी न्हाई," साखराबाई म्हणाली.

त्यानं तिलाच ओळीतून बाहेर काढलं. मग इतर एकोणचाळीस जणीही तिच्यामागं जाऊन उभ्या राहिल्या. मुकादम बाकीच्यांना आणायला तणतणत वस्तीत गेला. तिथं शिवकांता पाच-सहा लेकरांना भाकरी कुस्करून देत होती. "आज न्हाई जमायचं, मुकादम," ती म्हणाली. "उद्या येते की."

इकडं गाड्या खोळंबल्या, बैल शिंगं हलवू लागले. मॅनेजर अनंतराव कचेरीतून बाहेर आले. साखराबाईनं त्यांना बारीचं सांगितलं. त्यांनी ओळ डोळ्यांनी मोजली.

"चाळीस हव्यात, चाळीस आहेत. मग फाटक बंद का, वीरभद्र?"

फाटक उघडलं.

पुढल्या पंधरवड्याला मुकादम पुन्हा मजुरी उतरवायला निघाला. सवयीनं त्यानं फाटकाबाहेर बोट केलं. तिथं एक शेळी उभी होती. बायांना हसू आवरेना. मजुरी उतरली नाहीच, होळीआधी चवलीभर, म्हणजे दोन आण्यांनी, वाढलीही. रोजचं काम कोणालाच नव्हतं, हे खरं. पण उद्या चूल कशावर पेटणार, हे प्रत्येकीला आदल्या दिवशीच ठाऊक असायचं.

साखराबाईची पहिली घरची बारी आली ती फाटक उघडलं त्याच आठवड्यात, बुधवारी. सकाळी डोळा उघडला तरी उठायची घाई नव्हती, याचंच तिला नवल वाटलं. मग ती दहा-बारा लेकरं घेऊन गोदावरीवर गेली. इतके हंगाम नांदेडात काढूनही तिनं नदी उन्हात अशी निवांत पाहिली नव्हती. लेकरांना एकेक करून घासून काढलं, आपले केस धुतले, त्यातले कापसाचे तंतू पाण्यावर तरंगत गेले. मग पायरीवर केस वाळवत ती दुपारपर्यंत बसून राहिली.