यादीबाहेरची मुलाखत

विद्यापीठात तिला सगळे स्टेनोबाई म्हणत. लघुलेखनाची वही कपाटात जाऊन पंधरा वर्षं झाली, टाइपरायटर भंगारात गेले, पण नाव काही सुटलं नाही. चार कुलगुरूंची पत्रं तिनं उतरवून घेतली होती. पाचव्यांनी, तिच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना, तिला ग्रंथालयात धाडलं. विद्यापीठाला पंचाहत्तर वर्षं होणार होती. जुन्या प्राध्यापकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या, रेकॉर्ड करायच्या, शब्दन् शब्द लिहून काढायचा आणि त्यावरून इतिहासाचा ग्रंथ करायचा, असं ठरलं होतं. समितीत सात जण होते. काम करणारी एकटी स्टेनोबाई.

खोली मिळाली ती लिफ्टच्या यंत्राला खेटून. लिफ्ट निघाली की भिंत गुरगुरायची आणि रेकॉर्डिंगमध्ये माणसापेक्षा भिंतच जास्त बोलायची. बाईंनी खोली बदलून मागितली, तर कुलसचिवांनी विचारलं, "मुलाखती किती दिवस चालणार? दोन वर्षं? मग कशाला बदलता?" शेवटी तिनंच युक्ती काढली. गुरगुर सुरू झाली की हात वर करायचा, समोरच्यानं थांबायचं. एका निवृत्त प्राचार्यांना वाटलं, बाईंना शंका आहे. ते म्हणाले, "प्रश्न शेवटी."

आणि एकेक वल्ली तरी काय! एक भाषेचे प्राध्यापक दोन तास बोलले. पहिला तास स्वतःचं बालपण, दुसरा तास स्वतःचे पुरस्कार. बाईंनी मध्येच विचारलं, "सर, विद्यार्थ्यांच्या काही आठवणी?" तर ते गोंधळून म्हणाले, "कोणत्या विद्यार्थ्यांच्या?" भूगोलाच्या दोघा प्राध्यापकांचं सव्वीस वर्षं बोलणं नव्हतं. दोघांनीही वेगवेगळ्या दिवशी येऊन सांगितलं की विभाग मीच उभा केला, दुसरा फक्त खुर्ची उबवत होता. अधिकारी तर ताकास तूर लागू देत नसत. काहीही विचारा, उत्तर एकच: "त्या काळी वातावरण फार चांगलं होतं." बाई घरी येऊन हे सगळं ऐकून ऐकून लिहायची आणि मनात म्हणायची, एवढं चांगलं होतं, तर बिघडवलं कुणी?

खरं म्हणजे यादीतल्या एक्केचाळीस नावांपैकी तिला एकाच माणसाला गाठायचं होतं. माजी परीक्षा नियंत्रक. विद्यापीठात त्यांचं नाव नियमसाहेब. परीक्षेला दोन मिनिटं उशीर झाला म्हणून त्यांनी स्वतःच्या पुतण्याला दारातून परत पाठवलं होतं, अशी त्यांची ख्याती.

एकोणचाळीस वर्षांपूर्वी याच नियमसाहेबांच्या सहीनं एक परिपत्रक निघालं होतं. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या तीनशे अठरा मुलांनी सामूहिक कॉपी केल्याचं आढळल्यामुळे त्यांचा निकाल रद्द, परीक्षा पुढच्या वर्षी. त्या तीनशे अठरांत बाईचा दादा होता. रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत त्याची नोकरी ठरली होती. कारखान्यानं परिपत्रक वाचलं आणि कळवलं की येऊ नका. दादा म्हणाला, "मी कॉपी केलेली नाही. परत बसलो तर केली असं होईल." तो बसला नाही. सगळ्यांनी समजावलं, पालथ्या घड्यावर पाणी. जन्मभर औषधाच्या दुकानात दुसऱ्याच्या काउंटरवर उभा राहिला. वडील शिक्षक. ते एवढंच म्हणाले, "विद्यापीठ खोटं कशाला बोलेल?" पुढं अकरा वर्षं ते जगले, पण मुलाशी कामापुरतंच बोलले.

पुढं बहिणीला त्याच विद्यापीठात नोकरी लागली. दादानं नोकरीला हरकत घेतली नाही. स्वतः मात्र त्या फाटकातून पुन्हा कधी आत आला नाही.

नियमसाहेबांनी तीनदा तारीख दिली आणि तीनदा मोडली. चौथ्यांदा बाई न विचारताच त्यांच्या घरी जाऊन बसली. साहेब अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, पण शर्टाला कडक इस्त्री, बुद्धी ताजी. सूनबाईंनी पाणी आणून ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

तासभर साहेब नियम सांगत राहिले. मग बाईंनी त्या वर्षाबद्दल विचारलं. साहेबांनी रेकॉर्डरकडे पाहिलं.

"मुलाखत बंद ठेवायची सोय आहे ना?"

"आहे. संमतीपत्रावर तुम्ही मुदत लिहायची. तोवर कुणी ऐकत नाही. मीही बाहेर बोलायचं नाही, अशी माझीही सही असते."

"मग लिहून घ्या. कॉपी झालीच नव्हती." साहेब सरळ बोलू लागले, जणू कलम वाचताहेत. "परीक्षा भवनाच्या गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह सुटला. सलग दोन सुट्ट्या होत्या. खालच्या खोलीत रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, न तपासलेले. सोमवारी उघडलं तर लगदा. मी कुलगुरूंकडे गेलो. ते म्हणाले, पेपर भिजले म्हटलं तर विद्यापीठाची अब्रू जाते. कॉपी झाली म्हटलं तर मुलांची जाते. आणि मुलं काय, दर वर्षी नवी येतात."

"आणि तुम्ही सही केलीत."

"मी नोकर होतो."

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण रेकॉर्डर चालू होता. तिनं पाण्याचा पेला उचलला, रिकामाच होता, परत ठेवला. साहेबांनी संमतीपत्र ओढून घेतलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: माझ्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी.

"साहेब, ती मुलं आज साठीला टेकली आहेत. तीस वर्षांनी कोण उरणार ऐकायला?"

"म्हणूनच."

"माझा भाऊ होता त्यात."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "मग तुम्ही ही मुलाखत घ्यायलाच नको होती. नियमात बसत नाही."

त्यानंतर बाई दोनदा गेली. पहिल्या खेपेला साहेबांनी ऐकून घेतलं आणि हात जोडले. दुसऱ्या खेपेला सूनबाईंनी दारातूनच सांगितलं की ते झोपलेत. आतून खोकल्याचा आवाज स्पष्ट येत होता.

रविवारी ती दादाकडे जेवायला जायची. "काय म्हणतो इतिहास?" तो नेहमीच्या खवचटपणानं विचारायचा. आता ती ताटातला भात नुसता चिवडत बसायची. ज्या गोष्टीसाठी या माणसानं जन्म जाळला ती तिच्या कपाटात, लाख लावलेल्या पाकिटात पडून होती, आणि तिच्या तोंडाला तिच्याच सहीचं कुलूप. सांगावं का? सांगितलं, तर उद्या कोणता माणूस तिच्यासमोर खरं बोलेल? आणि नाही सांगितलं, तर ती बहीण कसली? वहिनी म्हणाली, "ताई, बरं नाही का?" बाई म्हणाली, "दाढ दुखतेय."

तीन आठवडे असे गेले. मग एका दुपारी, चडफडतच, ती आस्थापना विभागात गेली आणि त्या वर्षीची हजेरीपुस्तकं मागितली. कारकून म्हणाला, मिळायची नाहीत. बाईंनी स्वतः माळ्यावर चढून धुळीत शोधली. साहेबांचं पाकीट बंद राहो. पण ती खोली उघडली तेव्हा तिथं साहेब एकटे होते थोडेच? परीक्षा भवनाच्या पानावर तीन सफाई कामगारांच्या सह्या होत्या. दोघे वारले होते. तिसरी मावशी बस डेपोच्या मागं लेकीकडे राहत होती.

बाईंनी स्वतःशी एक अट घातली होती, आपण होऊन एक शब्द सुचवायचा नाही. तिनं एवढंच विचारलं, "मावशी, परीक्षा भवनात तुम्ही काय काय काम केलंत?"

मावशी झाडण्या-पुसण्याबद्दल बोलली, साहेबांच्या चहाबद्दल बोलली, जिन्यावरून पडून पाय मोडल्याबद्दल अर्धा तास बोलली. लेकीनं दोनदा घड्याळ दाखवलं. आणि मग मावशी आपणहून म्हणाली, "एकदा तर पोरांचे पेपर वाळत घातले आम्ही. धुणं घालतात तसे! टाकीचं पाणी शिरलं होतं. तीन दिवस पंख्याखाली ठेवले, पण शाई सगळी वाहून गेलेली. मग पोत्यात भरून जाळायला सांगितलं. मोठे साहेब म्हणाले, कुठं बोललीस तर उद्यापासून येऊ नको. पदरात दोन पोरं होती. कुठं बोलते?"

"आता बोललात ते लोकांनी ऐकलं तर चालेल?"

"ऐकू दे की. आता मला कामावरून काढणार कोण?" मावशी हसली आणि जपून, एकेक अक्षर काढत सही केली.

समितीपुढं ही बेचाळिसावी मुलाखत गेली तेव्हा इतिहासाचे विभागप्रमुख म्हणाले, "बाई, यादी प्राध्यापकांची आणि अधिकाऱ्यांची. सफाई कामगार कुठून आल्या?"

"परीक्षा भवनातून."

"एका अशिक्षित बाईच्या बोलण्याला पुरावा काय?"

"सर, तुमच्या भूगोलवाल्या दोघांनी एकच विभाग उभा केला, त्याला कुठं पुरावा मागितलात?"

कुणीतरी खोकून हसू दाबलं. कुलसचिव हसले नाहीत. त्या वर्षाबद्दल ग्रंथात एक ओळही जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं आणि पुढचा विषय घेतला, मुखपृष्ठाचा रंग. त्यावर पाऊण तास चर्चा झाली. बाई उठताना एवढंच म्हणाली की संमती असलेली प्रत्येक मुलाखत ग्रंथालयात सगळ्यांसाठी खुली राहील, असा ठराव याच समितीनं पहिल्या बैठकीत केलाय. कुलसचिवांनी हात झटकले. "ठेवा तिकडे. कोण येतंय ऐकायला?"

त्यांचं खरं होतं. कुणीच आलं नाही. तेव्हा बाईंनी दादाला फोन केला. "ग्रंथालयात ये. कारण विचारू नको."

तो आला. दुकानाच्याच कपड्यांत, फाटकातल्या रखवालदाराशी उगाच वाद घालून आला. बाईंनी त्याच्या कानांवर हेडफोन चढवले आणि समोर बसून राहिली. पाय मोडल्याची गोष्ट ऐकताना तो कंटाळून इकडं तिकडं बघत होता. मग त्याची मान स्थिर झाली. तो भाग त्यानं स्वतःच मागं नेऊन पुन्हा ऐकला. पुन्हा एकदा.

हेडफोन काढून तो म्हणाला, "तुला कधी कळलं?"

"मावशींनी सांगितलं तेव्हा," असं म्हणता आलं असतं. बाई म्हणाली, "ते मला सांगता येणार नाही."

दादानं तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं, आता हा कायमचा तुटला. पण तो दुसरंच बोलला. "पेपर जाळले. मी सोळा पानं लिहिली होती गं. पुरवणी घेतली होती." मग आवाज चढला. "आता मी काय करू याचं? डिग्री देणार आहेत? आणि बाबांना कोण ऐकवणार हे?"

बाईला वाटलं होतं, तो रडेल, किंवा हात धरेल, निदान सुटल्यासारखा श्वास सोडेल. तो पाय आपटत निघून गेला.

पुढच्या सोमवारी मात्र तो दोन वर्गमित्रांना घेऊन आला. एक पूर्वीचा विमा एजंट, एक काठी टेकत आलेला, परगावचा. दोघांनी आळीपाळीनं ऐकलं. विमा एजंट खदाखदा हसला, म्हणाला, "धुणं घालतात तसे!" आणि मग बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. काठीवाला म्हणाला, "अर्ज करू. परिपत्रक मागं घ्या म्हणून." अर्ज बाईंनीच टाइप केला. पाच ओळी. एवढ्या वर्षांत तिनं चार कुलगुरूंची हजारो पत्रं उतरवली, पण इतकं नेमकं पत्र तिच्या हातून कधी गेलं नव्हतं.

आवक खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "कोणत्या विभागाला?" परीक्षा विभाग म्हणाला, आमच्याकडे इतकं जुनं येत नाही. विधी विभाग म्हणाला, परीक्षा विभागाचं पत्र आणा. तिघे म्हातारे तीन मजले चढले-उतरले. शेवटी स्टेनोबाई त्या मुलीसमोर उभी राहिली. "शिक्का मार. कुलगुरू असं लिही. पोच दिल्याशिवाय मी इथून हलणार नाही, आणि मागं रांग आहे." शिक्का बसला.

सोनेरी अक्षरांतला ग्रंथ निघाला. त्या वर्षाच्या पानावर नव्या उपाहारगृहाच्या उद्घाटनाचा फोटो आहे. अर्जाला सात महिने झाले, उत्तर नाही. दादा दर सोमवारी फाटकातून आत येतो, आवक खिडकीवर चौकशी करतो, मग ग्रंथालयात येऊन बहिणीवर चिडतो. बाईही त्याच्यावर चिडते, म्हणते, मी काय कुलगुरू आहे? आणि तो गेला की फोन उचलून परीक्षा भवनातल्या जुन्या कारकुनांचे पत्ते विचारत बसते.