सगुणाबाईंचा पश्चात्ताप

सगुणाबाई गेल्या हे सांगायला बदलापूरचे एक गृहस्थ महिन्यापूर्वी घरी आले. बातमी सांगून झाल्यावर आवाज उतरवून म्हणाले, "बिचाऱ्या... शेवटपर्यंत प्रभुभोजनावाचूनच राहिल्या." मला रडू यायच्या आधी संताप आला. सगुणाबाईंना बिचारी म्हणणारा माणूस त्यांना ओळखतच नव्हता. तोंडावर बोलला असता तर त्यांनी दोन ठेवून दिल्या असत्या आणि मग जेवू घातलं असतं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आम्हा ख्रिस्ती लोकांत प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरीचे तुकडे वाटतात. आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या तुकड्यांचं ताट बाकांवरून फिरायचं. ज्याच्या हातून पाप घडलं त्याने सगळ्यांसमोर उभं राहून पस्तावलो म्हणायचं, तोवर ताट त्याच्यापुढे थांबत नसे. सगुणाबाईंपुढे ते वर्षानुवर्षं थांबलं नाही. कारण त्यांनी माझ्या वडिलांना मारलं होतं.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. आबा काडीपेटीच्या कारखान्यात होते. गळा सुरेख. रविवारी पेटी घेऊन गायला बसले की बायका डोळे पुसायच्या. पेटीवर फिरणारी तीच बोटं घरी आईच्या केसांत घट्ट आवळली जायची. आमटी खारट झाली, दार उघडायला उशीर झाला, एवढं पुरायचं. तिचं डोकं मोरीच्या दगडावर आपटताना मी पाहिलं आहे. पुढचे दात तिने हातावर थुंकलेले पाहिले आहेत. मारताना आबा शास्त्र सांगायचे, बायकोने नवऱ्याच्या अधीन राहावं म्हणून. धाप लागायची, पण वचन चुकत नसे. आणि पहिला रविवार आला की सगळ्यांच्या आधी उभं राहून, डोळ्यांत पाणी आणून म्हणायचे, "मी पापी आहे, मी पस्तावलोय." ताट त्यांच्यापुढे थांबायचं. शेजारी माझी आई, मार्था, पदराने गाल झाकून बसलेली असायची.

सगुणाबाई आमच्या भिंतीपलीकडे राहायच्या. विधवा, मूलबाळ नाही. त्या बायबलबाई होत्या, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं काम. उल्हासनगरच्या कॅम्पात सिंधी निर्वासितांच्या बराकींतून त्या औषधं आणि दुधाची भुकटी घेऊन हिंडायच्या. आमच्याकडे मारहाण सुरू झाली की भिंतीपलीकडून त्यांचं स्तोत्र ऐकू यायचं. आवाज खणखणीत. आईला धीर यावा म्हणून म्हणते, असं त्या सांगत. एके दिवशी बराकीत पापड लाटत बसलेल्या एका सिंधी बाईला त्या समजावत होत्या की देव सगळं बघतो. त्या बाईच्या दोन्ही मुली फाळणीत तिच्या डोळ्यांदेखत कापल्या गेल्या होत्या. लाटणं न थांबवता ती म्हणाली, "देखता होगा. पडोसी भी देखते थे, बाई. किसी ने दरवाजा नहीं खोला." सगुणाबाई तशाच उठल्या आणि घरी आल्या. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं.

त्याच संध्याकाळी आबांनी आईचा हात मोडला. पगाराचा दिवस होता. हात पाठीमागे पिळला, आणि वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. आई किंचाळली. भिंतीपलीकडे स्तोत्र नव्हतं. लाथेसरशी आमचं दार उघडलं आणि सगुणाबाई आत आल्या, हातात कपडे धुवायचं लाकडी धोपाटणं. पहिला घाव खांद्यावर, दुसरा मनगटावर. आबा शिवी हासडून वळले तो तिसरा कपाळावर बसला. रक्त डोळ्यांत उतरलं, ते आंधळ्यासारखे भिंत चाचपत खाली बसले. "ऊठ," सगुणाबाई म्हणाल्या. ते उठले नाहीत. मग मला म्हणाल्या, "पोरी, पानी आन. तुझ्या आयसाठी." मी तेव्हा चौदा वर्षांची होते. मला भीती वाटली नाही, आनंद झाला. तो आनंद अजून माझ्यात आहे.

पुढे दर पगाराच्या दिवशी त्या आमच्या उंबऱ्यावर धोपाटणं मांडीवर घेऊन बसत आणि आबांना शास्त्र वाचायला लावत. आबा मारताना सांगायचे तोच अध्याय.

"फुडं वाच, याकोबा. नवऱ्यांनी काय करावं म्हून लिवलंय?"

"बायकांवर प्रीती करावी..."

"मोठ्यानं."

आबांनी आईवर पुन्हा हात टाकला नाही.

पण मंडळीत त्यांनी कपाळाची पट्टी दाखवली. मंडळीचा कारभार पाहणारी वडीलमंडळी निवाड्याला बसली. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणाले, "बाई, एका गालावर मारलं तर दुसरा पुढं करावा, हे तुम्हीच बराकींतून शिकवता ना?" सगुणाबाई म्हणाल्या, "माझा गाल असता तर केला असता, पाळकसाहेब. मार्थाचा गाल मी कसा देऊ?" त्यांचं काम गेलं. पस्तावले म्हणेपर्यंत प्रभुभोजन बंद झालं. त्या भाजी विकू लागल्या आणि दर रविवारी मागच्या बाकावर येऊन बसू लागल्या. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं असं कुणी समजू नये. त्या भाकरीवर त्यांचा जीव होता. ताट पुढे गेलं की त्यांची मान खाली जायची ती शेवटच्या प्रार्थनेपर्यंत. मी एकदा म्हटलं, "बाई, म्हणून टाका ना. एक शब्द तर आहे." खाडकन थोबाडीत बसली. "देवाशी खोटं बोलून देवाचंच खाऊ?"

बऱ्याच वर्षांनी नवे पाळक आले, मवाळ माणूस. एका पहिल्या रविवारी त्यांनीच विनवलं, "बाई, आज उठा." त्या उठल्या. सगळ्या माना मागे वळल्या. "मी पस्तावलेय," त्या म्हणाल्या, आणि आबा ताठ झाले. "भिंतीपल्याड मार्थाला मारत हुते तवा मी बसून स्तोत्रं म्हनत हुते. हात उचलला त्याचा पस्तावा न्हाई. उशिरा उचलला त्याचा हाय. द्यायची तर द्या भाकर."

पाळकांनी वडीलमंडळींकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी माना हलवल्या. "बसा, बाई..."

ताट फिरत आमच्या बाकावर आलं. आईने तुकडा उचलला, हातात धरला आणि परत ठेवला. मग उभी राहिली. माझी आई, जी मंडळीत कधी मोठ्याने आमेनसुद्धा म्हणाली नव्हती. म्हणाली, "ज्यानं माझा हात मोडला त्याला दर महिन्याला भाकर दिलीत. जिनं थांबवलं तिला नाही. मग मलाही नको." आबांनी तिचा पदर ओढला. तिने हिसडून सोडवला. आणि आबांचा हात वर गेला... तिथे, सगळ्यांसमोर, भाकरीच्या ताटावर. सगळ्या मंडळीने तो पाहिला. कुणी उठलं नाही. आईने त्या हाताकडे पाहिलंही नाही, ती मागच्या बाकाकडे चालू लागली. सगुणाबाई रडत होत्या. मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलं. त्या बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, "बस, मार्था."

आई वारेपर्यंत दर रविवारी त्या दोघी तिथेच बसल्या. मग सगुणाबाई भाचीकडे बदलापूरला गेल्या. परवाच्या पहिल्या रविवारी मी अंबरनाथला गेले आणि त्या बाकावर बसले. ताट घेऊन आलेला तरुण अडखळला, कारण तिथे ताट न्यायची सवयच कुणाला राहिलेली नाही. मग हसून म्हणाला, "घ्या ना, ताई. तुमच्यावर काही ठपका नाही."

"म्हणूनच नको," मी म्हटलं.