बाद झालेल्याचं मत

दिवसभर कवळ्या करणाऱ्या माणसाने शनिवारी दुपारी व्हॅम्पायरचे पत्ते खेळत बसावं, यावर गल्लीत जेवढे विनोद होण्यासारखे होते तेवढे सगळे होऊन गेले होते. 'सुळे जरा लांब काढा बरं का' हा त्यातला सर्वांत जुना. तो करणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं की हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं. पंच कुणाची निराशा करत नसत. नव्याने ऐकल्यासारखे हसायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

'पंच' हे नाव या खेळानेच दिलेलं. धंद्याने ते दातांचे कारागीर. डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे आणि हे मेणात एकेक दात मांडून कवळी घडवायचे. जिन्याखालच्या दारातून आत गेलं की त्यांची खोली लागायची. फळ्यांवर ओळीने प्लास्टरचे जबडे, कोपऱ्यात पॉलिशचं चाक, खिडकीशी लांब टेबल आणि टेबलावर स्पिरिटचा दिवा, मेणाची सुरी, गुलाबी मेणाच्या पट्ट्या. मेण कुठे नव्हतं ते विचारा. बाहीला मेण, चष्म्याच्या दांडीला मेण, दाराच्या कडीला मेण. 'या घरात आले तेव्हापासून मी एकही कपडा डागाशिवाय नेसलेली नाही,' असं त्यांची बायको येईल त्याला सांगायची, आणि तक्रार करताना तिचा चेहरा अगदी खुललेला असायचा.

खेळ आला तो लिफ्टवाल्यामुळे. हा पंचांचा लहानपणापासूनचा दोस्त, इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. कोपऱ्यावरच्या खेळण्यांच्या दुकानात या पत्त्यांची एक पेटी येऊन पडली होती. ओठांना रक्त लागलेले ते पांढरेफटक चेहरे बघून एकही आई ती घ्यायला तयार होईना. लिफ्टवाल्याने दुकानाचं अडकलेलं शटर सरळ करून दिलं आणि त्याबदल्यात पेटी उचलून आणली. पेटीत बंद पाकिटं होती. आत कोणते पत्ते निघतील ते नशिबावर, म्हणून पाकीट फोडण्यातच निम्मी गंमत. टेबलाशी पाच जण लागायचे. मग वरच्या मजल्यावरच्या सिस्टरला बोलावलं. त्या दवाखान्यात नर्स होत्या आणि रक्त बघून त्यांना काही वाटायचं नाही. पलीकडच्या लाँड्रीतल्या दोघी बहिणीही आल्या, थोरली आणि धाकटी.

खेळ ऐकायला सोपा. प्रत्येकापुढे रक्ताचे थेंब म्हणून लाल मणी. प्रत्येकाने आपल्या व्हॅम्पायरांकडून डाव्या हाताच्या शेजाऱ्याचे मणी हिरावायचे आणि उजव्या हाताच्या शेजाऱ्यापासून आपले वाचवायचे. मणी संपले की बाद. थोरलीच्या डाव्या हाताला नेमकी धाकटी बसायची, त्यामुळे लाँड्रीत आठवडाभर जे बोलता यायचं नाही ते शनिवारी पत्त्यांतून निघायचं.

अडचण होती पत्त्यांवरच्या मजकुराची. ज्याने तो लिहिला त्याने बहुतेक उभ्या जन्मात तो खेळ खेळून पाहिला नसावा. चोरलेलं रक्त तिसऱ्याला पुन्हा चोरता येतं का? एक पत्ता म्हणे हो, दुसरा म्हणे बघू. शवपेटीत झोपलेल्या व्हॅम्पायरला उन्हाची बाधा होते का? यावरून सिस्टर आणि थोरली एकमेकींशी दोन शनिवार बोलल्या नव्हत्या. शेवटी सगळ्यांनी पंचांकडे बोट दाखवलं. शब्दाचा कीस पाडायची त्यांना मुळातच हौस होती. खेळाबरोबर प्रत्येकाला नियमांची एकेक पुस्तिका आली होती; पंचांनी आपली कामाच्या टेबलावर, एका हाताने मेण वितळवत, अक्षर न् अक्षर वाचून काढली होती.

निवाड्याची त्यांची एक पद्धत होती आणि ती सरळ धंद्यातून आलेली होती. कवळी कितीही देखणी झाली, तरी ज्याच्या तोंडात बसायची तो 'इथे टोचतंय' म्हणाला की कारागिराचं शहाणपण संपलं. तसंच पत्त्याचं. पत्ता ज्याच्यावर पडला असेल त्याने तो मोठ्याने वाचायचा. टाकणारा घाईत वाचतो, सोसणारा एकेक शब्द चाचपत वाचतो. "ज्याला टोचतं त्याने वाचायचं," पंच म्हणायचे, आणि वाचून होईपर्यंत बहुतेक वेळा निकाल आपोआप लागलेला असायचा. उरलं तर ते सांगायचे, आणि त्यांनी सांगितलं की ती काळ्या दगडावरची रेघ.

या सगळ्या निकालांत एक निकाल थोर होता.

त्या वर्षी लिफ्टवाल्याची आई गेली. घरात ती दोघंच होती. आता कामावरून परतल्यावर कुलूप त्यालाच उघडावं लागायचं. खेळताना त्याचं लक्ष नसायचं. आला पत्ता टाकायचा, सगळ्यांच्या आधी बाद व्हायचा आणि पिशवी उचलून निघून जायचा. अशाच एका शनिवारी तो बाद होऊन उठला होता, तेवढ्यात थोरलीने 'सभा' नावाचा पत्ता टाकला. या पत्त्याने कुणावरही हद्दपारीचा, म्हणजे त्याला बाद करायचा, ठराव मांडता येतो, आणि मतं घेऊन फैसला होतो. ठराव धाकटीवर होता. तिने रीतीप्रमाणे पत्ता मोठ्याने वाचला. टेबलाशी असलेल्या प्रत्येकाला एक मत, असं त्यावर होतं. तिने दाराकडे बघून विचारलं, की तो अजून गेला कुठे आहे, त्यालाही मत आहे का?

पंचांनी पुस्तिका आठवून पाहिली. बाद झालेल्याला मत नाही, असं वाचल्याचं त्यांना कुठेही आठवेना. "बस," ते लिफ्टवाल्याला म्हणाले. "तुझं मत आहे."

लिफ्टवाला बसला. धाकटीने त्याच्यासाठी मुद्दाम चहा आणवला. थोरलीने लगेच त्याच्या लिफ्टमधल्या एका बहादुरीचं कौतुक केलं, जे तिने आधी कधीच केलं नव्हतं. लाच दोन्हीकडून येतेय हे बघून तो महिन्याभरात पहिल्यांदा दात काढून हसला. त्या दिवसापासून बाद झालेला माणूस टेबलावरून उठेनासा झाला. उलट त्याचा भाव वधारला. कोण कधी सभा बोलावील याचा नेम नसायचा, म्हणून जिवंत असलेले मेलेल्यांची मनधरणी करायचे. शनिवारची दुपार दिवे लागेपर्यंत लांबायची. पंचांची बायको वरून भांडं वाजवायची आणि मग स्वतःच खाली येऊन बसायची.

काय दिवस होते ते. नवं पाकीट फोडताना सिस्टर डोळे मिटून घ्यायच्या. धाकटी चांगला पत्ता आला की गुणगुणायची, आणि आपण गुणगुणतो हे तिला शेवटपर्यंत कुणी कळू दिलं नाही. खेळ काढणारी कंपनी कधीच बुडाली, पाकिटं यायची बंद झाली, तेच पत्ते खेळून खेळून मऊ पडले. पाचही जणांचे केस पिकले. लाँड्रीत मशिनं आली, सिस्टर निवृत्त झाल्या, डॉक्टर कवळ्या बाहेरून यंत्रावर करून घ्यायला लागले आणि पंचांकडे फक्त डागडुजी उरली. मग पंचांची बायको गेली. आता वरच्या खोलीतला दिवा त्यांनाच लावावा लागायचा.

डोळेही अधू झाले होते. पत्त्यावरचा बारीक मजकूर दिसायचा नाही, आणि ते सांगायची लाज वाटायची. त्यामुळे हल्ली सगळ्यांच्या आधी बाद व्हायचे ते पंच. पण बसून राहायचे. त्यांचं मत होतं ना. 'पंच, तुम्ही कुणीकडून?' असं कुणी तरी विचारायचं. आठवड्यात त्यांना कुणी काही विचारायचं ते तेवढंच, आणि त्यावर त्यांचा पुढचा आठवडा निघायचा.

अशात कळलं की कुठल्याशा नव्या कंपनीने तो खेळ पुन्हा काढलाय. सिस्टरनी नवी पेटी मागवली. तिच्यात शंकांच्या खुलाशांचा एक छापील कागद होता. तो न उलगडताच सिस्टरनी पंचांच्या हातात दिला. 'हे तुमचं खातं,' म्हणाल्या.

पंचांनी सकाळच्या उजेडात भिंग लावून कागद वाचला. त्यांचे बहुतेक निकाल बरोबर निघत होते. उन्हाची बाधा, चोरलेलं रक्त, सगळं. ते एकटेच खुशीत मान डोलवत होते. मग शेवटी शेवटी आलं: बाद झालेल्या खेळाडूला सभेत मत नाही; मूळ पुस्तिकेच्या शेवटून दुसऱ्या पानावर हे स्पष्ट केलेलंच आहे.

स्पष्ट केलेलं? त्यांनी आपली पुस्तिका काढली. शेवटून दुसरं पान त्यांना पाठ होतं, तिथे असलं काही नव्हतं. त्यांनी ते पान बोटांत धरलं आणि ते जरा जाड लागलं. कडेने गुलाबी रेघ होती. पंचांनी स्पिरिटचा दिवा लावला, सुरी तापवली आणि कडेवरून अलगद फिरवली. दोन पानं एकमेकांपासून सुटली. इतकी वर्षं ती त्यांच्याच मेणाने चिकटलेली होती. आत स्वच्छ छापलं होतं: बाद झालेल्याने आपले पत्ते आवरून टेबल सोडावं, पुढच्या सभेत त्याला मत नाही.

पंचांनी दिवा विझवला. आपण आयुष्यात फार मोठं काही केलं नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण निकाल चुकीचा दिला नाही, एवढी एक गोष्ट ते मनाशी धरून होते. आता ती गेली. आणि खरा निकाल लावायचा, तर मतही जाणार. बाद झाल्यावर टेबल सोडून वर जायचं आणि दिवा लावायचा. गप्प बसावं, असं एकदा मनात येऊन गेलं. पण पंचांनीच गप्प बसायचं म्हटल्यावर नियम उरला कुठे.

शनिवारी ते नेहमीप्रमाणे पहिले बाद झाले. थोडा वेळ गेला आणि थोरलीने सभा बोलावली. हद्दपारी लिफ्टवाल्याची. सिस्टर थोरलीकडून झाल्या. धाकटी बहिणीच्या विरुद्ध, म्हणजे लिफ्टवाल्याकडून. दोन विरुद्ध दोन. चौघंही पंचांकडे बघायला लागली.

पंच उठून उभे राहिले. खिशातून खुलाशांचा कागद आणि पुस्तिका काढली. "मला मत नाही," ते म्हणाले. "कधीच नव्हतं. कुणालाच नव्हतं. माझं चुकलं." पानं कशी चिकटली होती ते त्यांनी सगळं सांगितलं. आज बाद मी आहे, टोचतंय मला, तेव्हा वाचणार मीच, असं म्हणून त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. पण भिंगातूनही अक्षरं लागत नव्हती.

लिफ्टवाल्याने त्यांच्या हातातून पुस्तिका काढून घेतली. ती न बघताच त्याने ते वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं.

पंचांनी भिंग खाली ठेवलं.

"मला त्याच दिवशी ठाऊक होतं," लिफ्टवाला म्हणाला. "माझी पुस्तिका माझ्या पिशवीतच होती. बाद झाल्यावर जायचं असतं हे वाचलं होतं, म्हणूनच तर उठायचो. तू म्हणालास, बस. घरी जाऊन कुलूप उघडायचं होतं मला. मी कशाला पिशवी उघडू?"

मग सिस्टर टेबलाकडे बघत हळूच म्हणाल्या, की त्यांनी ते पान पुढच्याच आठवड्यात वाचलं होतं, रात्रपाळीत. पण त्यांना वाटलं, फक्त आपल्यालाच माहीत आहे. धाकटीने थोरलीकडे बघितलं, थोरलीने धाकटीकडे. एका घरात राहून, एका दुकानात बसून, त्या दोघींनी ही एकच गोष्ट एकमेकींपासून जन्मभर लपवली होती. चौघांची अळीमिळी गुपचिळी, आणि प्रत्येकाला वाटत होतं की गुपित आपल्या एकट्याचं.

पंचांना हसावं की रागवावं कळेना. डोळे मात्र भरून आले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. आपला एकुलता एक चुकीचा निकाल या चौघांनी इतकी वर्षं जपून ठेवला होता, आणि आपण मात्र बरोबर निघालेल्या निकालांचा तोरा मिरवत होतो.

"मग आता काय करायचं?" थोरलीने विचारलं. "सभा अर्धी राहिलीय."

पंच पुन्हा स्टुलावर बसले. उघडी पुस्तिका त्यांनी चौघांपुढे धरली आणि कवळी घालून बघणाऱ्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "कुठे टोचतंय?"

लिफ्टवाल्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. सिस्टरनी ठेवलं. दोघी बहिणींनीही ठेवलं.

पंचांनी स्पिरिटचा दिवा पेटवला. गुलाबी मेणाची पट्टी सुरीवर धरली, वितळलेलं मेण दोन्ही पानांच्या कडेला ओघळू दिलं आणि पानं मिटून बोटांनी दाबून धरली. याला त्यांना डोळे लागत नव्हते. हे काम त्यांनी आयुष्यभर केलेलं होतं. वजन म्हणून त्यांनी पुस्तिकेवर एक प्लास्टरचा जबडा ठेवला आणि बाही झटकली. मेण बाहीलाही लागलंच होतं.

"पुस्तिकेत असं काही नाही," ते म्हणाले. "सभा चालू. माझं मत थोरलीकडून."

लिफ्टवाला बाद झाला. त्याने आपले पत्ते आवरले, स्टूल जरासं पंचांच्या स्टुलाशी सरकवलं आणि धाकटीला विचारलं, की पुढच्या सभेसाठी ती चहा कधी आणवतेय.