मी याच खोलीत कपडे बदलणार

काकूंनी माझ्या हातातलं हेल्मेट दोन बोटांनी उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. सगळ्या मुलींसमोर.

"आता धुऊन तरी काय उपयोग," त्या मराठीत म्हणाल्या. म्हणजे बाकीच्या मुलींना कळू नये.

काकू म्हणजे माझ्या मैत्रिणीची आई; हेल्मेट त्या मैत्रिणीचं, जुनं. त्यांनीच मला वापरायला दिलेलं. आम्ही दोघी मॉलमधल्या रिंकवर आइस हॉकी शिकायचो. बाहेर सिंगापूरचा घामटा उकाडा, आत बर्फ. मी पंधरा वर्षांची. काका बँकेत मोठे, सेरंगूनला महागडा काँडो. माझे बाबा इंजिनिअर, पासिर रिसला साधा फ्लॅट. आदल्या शनिवारी काकू मला गाडीनं सोडायला आल्या, चहाला वर आल्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. काकूंनी बघितलं. चहा तसाच ठेवून उठल्या.

तोपर्यंत मी 'आपल्यातलीच' होते.

त्यांची मुलगी स्केट्सच्या नाड्या बांधत होती. "नेव्हर माइंड ला, ओल्ड वन," मान वर न करता इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, म्हणजे जाऊ दे, जुनंच होतं.

मी उघड्या डोक्यानं बर्फाकडे निघाले. कोचनं दंड धरून थांबवलं. रिंकवरचं एक हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलं. सराव झाल्यावर जवळ बसवून विचारलं, काय झालं?

कोच रशियन बाई. तिच्या देशाच्या महिला संघात बचावाला खेळलेली. गुडघे गेले, खेळ संपला, आता आम्हाला शिकवायची. जात म्हणजे काय ते इंग्रजीत सांगताना माझी जीभ जड झाली. तिनं सगळं ऐकलं. मग स्वतःचं सांगितलं. तिच्या गावात मुलींचा संघ नव्हता. ती मुलांच्यात खेळायला गेली. तिथल्या कोचनं तिचे स्केट्स चिखलात फेकले. म्हणाला, पोरींनी बर्फ नासतो. ती दुसऱ्या दिवशी परत गेली. रोज गेली. धक्के खाल्ले, दात पाडून घेतला, आणि तिथूनच देशाच्या संघात पोचली.

"त्याला माफ केलंत?" मी विचारलं.

"कशाला? तो राग मला अजून पुरतोय."

पुढच्या आठवड्यात काकू थेट कोचकडे आल्या. या मुलीला वेगळी चेंजिंग रूम द्या म्हणाल्या. आमच्या मुलीला ऑकवर्ड होतं. कोचनं माझ्याकडे बघितलं. "तू बोल."

मी काकूंसमोर जाऊन उभी राहिले. बोलले. "काकू, मी याच खोलीत कपडे बदलणार. चालत नसेल तर तुमच्या मुलीला घरी न्या."

"कुणाशी बोलतेस कळतंय का?"

"कळतंय. म्हणूनच बोलतेय."

त्यांनी मुलीला ओढतच नेलं. ती रडत होती. परत आली नाही. पहिल्या फळीतली तिची जागा मला मिळाली. त्या संध्याकाळी मी गोल मारला. आनंद झाला. तिच्या रडण्याचाही झाला. खोटं कशाला सांगू?

घरी आई घाबरली. "परक्या मुलखात आपली माणसं ती किती! जा, सॉरी म्हण."

"कुणाची आपली, आई?"

मी गेले नाही. इथल्या मराठी घरांतली गणपतीची, दिवाळीची आमंत्रणं बंद झाली. होऊ देत.

आता कुठंही गेले की मी आडनाव आधी सांगते. ठासून. मग समोरचा चेहरा बघते. जो बदलेल त्याला सोडणार नाही. तिथंच, चारचौघांत, कारण विचारणार. आणि उत्तर मिळेपर्यंत वाट अडवून उभी राहणार.