फेरीच्या धक्क्यावर वाजलेला डबा

आधीच सांगून टाकते, मी या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. वर्ध्यात एका शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. सुरीला जास्वंदीचं फूल चोळून लिंबू कापलं की 'रक्त' कसं निघतं, हे मी दरवर्षी सातवीच्या वर्गात करून दाखवायची. नात्यात कुणाच्या अंगात आलं, तर त्या बाईनं सकाळपासून काही खाल्लंय का, हे आधी विचारायची. त्यामुळे नातेवाइकांत मी फारशी लाडकी नाही... असो.

तरीही हे लिहायला बसले आहे. मानणाऱ्यांनी लगेच हात जोडू नयेत आणि न मानणाऱ्यांनी लगेच हसू नये, एवढीच विनंती.

गोष्ट दोन हजार सात-आठच्या सुमाराची. आम्ही तेव्हा वर्ध्यालगत पिपरी मेघेतल्या एका कॉलनीत नवीन राहायला आलो होतो. आम्ही म्हणजे मी आणि हे. यांचं वर्ध्यात हार्डवेअरचं दुकान. माझी भाची रश्मी सिंगापूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत होती. भाची म्हणते खरी, पण वाढवली आम्हीच. तिची आई मंदा, माझी धाकटी बहीण, रश्मी वर्षाची असतानाच गेली. वडील दुसरं लग्न करून इंदूरला गेले ते गेलेच. आम्हाला मूल नव्हतं. रश्मी घरात आली आणि घर भरलं.

तिच्या आग्रहाखातर आम्ही सिंगापूरला जायचं ठरवलं. तिकिटं झाली, व्हिसाची कागदपत्रं झाली, आणि मग एका रविवारी तिनं फोनवर नवंच काढलं. सिंगापूरहून बोटीनं तासाभरात इंडोनेशियाचं बाटम नावाचं बेट लागतं. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. पण परत येताना सिंगापुरात पुन्हा शिरावं लागतं, म्हणून व्हिसा तसा मागावा लागेल. एजंट म्हणाला, काय ते आत्ताच ठरवा.

हे फोनवर बसले. मी शेजारी उभी. स्पीकरची गरज नव्हती, यांच्याशी बोलताना सगळेच ओरडून बोलतात.

"तिथं हाय काय पाह्याले?" यांचा पहिला प्रश्न.

"मले बी माहीत नाई काका. मी कुठं गेली अजून!"

"मंग झालं! ज्याले माहीत नाई तो गाइड, अन् ज्याईले जाचं नाई ते पाहुणे."

"काका, एका दिवसात आणखीन एक देश होते नं पाहून!"

"देश का एका दिवसात होते काय वं? पन्नास वर्सं झाले, मी अजून बाजूचं पुलगाव धड नाई पाह्यलं. अर्धा दिस तं पासपोर्ट दाखवन्यातच जाईन. फालतू चक्कर हाय."

खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. सिंगापूरच काय कमी आहे, की त्यातला एक दिवस लायनीत उभं राहण्यात घालवायचा? मी फोन घेतला तो नाही म्हणायलाच.

तेवढ्यात रश्मी म्हणाली, "मावशी, सिंगापुरात मी तुमाले फिरवीन. मले सगळं माहीत, तुमी नुसतं माह्या मागं मागं. एक जागा तरी अशी पायजे नं, का जिथं आपन तिघंबी पहिल्यांदाच जाऊन राह्यलो."

माझं 'नाही' तिथंच राहिलं. कारण गेली दोन वर्षं ती जरा लांब लांब होत चालली होती. दिवाळीला येणं टळलं होतं, फोन आटपते झाले होते. आणि त्याचं कारण मला माहीत होतं. लहानपणापासून ती एकच गोष्ट विचारायची, "मावशी, माही आई कशी होती?" आणि मी सांगायची ते असं: गोरी होती, उंच होती, केस लांबसडक, अभ्यासात हुशार, स्वभावानं चांगली. दर वेळी तेच. मंदाच्या दुखण्याचे महिने माझ्या मनात असे बसले होते की त्यांच्या मागचं काही दिसतच नव्हतं. हसती-खेळती मंदा मला खरोखर आठवेना. शेवटी एकदा रश्मी म्हणाली होती, "मावशी, तू सांगते ते आई कोनाचीबी असू शकते." त्यानंतर तिनं विचारणंच सोडलं. ते मला फार लागलं होतं. उत्तर चुकलं म्हणून नव्हे, प्रश्नच बंद झाला म्हणून.

"जाऊ आपण बोटीनं," मी म्हटलं. यांनी कपाळाला हात लावला.

बाटमला गेलो. बोट म्हणजे मला वाटलं होतं तशी वारा खात जाण्याची नव्हती. बंद काचा, एसी, आणि टीव्हीवर कुणाची तरी मारामारी. बेटावर एक देऊळ, दोन दुकानं, एक मॉल, तिथला केक, आणि दुपारचं जेवण, ज्यात आम्हा शाकाहाऱ्यांसाठी भात आणि काकडी. हे दिवसभर काही बोलले नाहीत. पण त्यांच्या न बोलण्यातही 'मी म्हटलंच होतं' स्पष्ट ऐकू येत होतं. रश्मीचा चेहरा उतरत गेला. "सॉरी," ती एकदा म्हणाली. तिचं ते इंग्रजी सॉरी मला मुळीच आवडलं नाही. घरातली मुलगी पाहुण्यांना म्हणते तसं ते होतं.

चारच्या सुमाराला परतीच्या बोटीसाठी धक्क्यावरच्या मोठ्या हॉलमध्ये बसलो. भरपूर उजेड, प्लास्टिकच्या खुर्च्या, लोकांची ये-जा. भुताखेताचं वातावरण म्हणतात तसं काहीही नाही. माझ्या मांडीवर खाण्याचा डबा होता, बिस्किटांचा येतो तो गोल निळा पत्र्याचा. त्यात मी वर्ध्याहून चिवडा भरून आणला होता. प्रवासात तो डबा यांच्या पिशवीत असायचा.

शेजारच्या खुर्चीवर एक बाई बसली होती. तिथलीच, पन्नाशीची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पायाशी दोन बोचकी. ती माझ्या डब्याकडे बघत होती. मी हसले. ती हसली. आणि तिनं हात पुढे करून तो डबा सरळ माझ्या मांडीवरून उचलला.

मी "अहो..." म्हणेपर्यंत तिनं डबा उलटा केला. झाकणाच्या कडेला नाक लावलं. मग डबा कानाशी धरला, डोळे मिटले, आणि मधल्या बोटाच्या पेरानं बुडावर हळूच टकटक केलं. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं होतं.

डबा परत घ्यायला पुढे केलेला हात मी मागे घेतला. कारण हे मी पाहिलेलं होतं.

आमच्याकडे भुलाबाई बसते. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत संध्याकाळी मुली घरोघरी जमतात, गाणी म्हणतात, आणि गाणी झाली की त्या घरची आई खाऊचा डबा झाकून आणते. आत काय आहे ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही. आमच्या माहेरी, अल्लीपूरला, सगळ्या पोरी डबा खडखडा हलवायच्या आणि एकदम ओरडायच्या. मंदा हलवायची नाही. ती डबा उलटा करायची, नाक लावायची, कानाशी धरून पेरानं टकटक करायची, जिभेचं टोक बाहेर काढून. आणि कधी चुकायची नाही. आया मग चिडून वर एक आणि खाली दुसराच खाऊ लपवायच्या. तरी मंदा सांगायची, "दोन हायेत. वरचं खोटं, खालचं खरं!"

हे सगळं मी विसरले होते. पुरतं विसरले होते. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ते एका क्षणात परत आलं.

बाईनं डोळे उघडले आणि दोन बोटं दाखवली.

"दोन नाई बाई, एकच हाय. चिवडा," हे तिला चक्क वऱ्हाडीतच म्हणाले. पण आवाज जरा पडला होता. चोराच्या मनात चांदणं.

बाईनं तळहात आडवा धरला. वरच्या बाजूला नुसतं 'हे काही नाही' असं झटकलं. मग खालच्या बाजूला बोटानं गोल काढून दाखवला. आणि मग यांच्याकडे बोट करून ते बोट ओठांवर ठेवलं, आणि हसायला लागली.

यांनी मुकाट्यानं डबा घेतला, झाकण काढलं. वर चिवडा. चिवड्याखाली वर्तमानपत्राचा कागद. आणि कागदाखाली गोरसपाक. आमच्या वर्ध्याची ती तुपातली, गोल, तोंडात विरघळणारी बिस्किटं. यांना साखरेचा आजार, गोड पूर्ण बंद. माझ्यापासून लपवून यांनी ती तळाशी भरली होती. मलाही माहीत नव्हतं!

एरवी मी तिथंच तासाभराचं भाषण दिलं असतं. पण यांचा चेहरा पांढरा पडला होता. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या कोजागिरीला हे अल्लीपूरला आले होते. नवीन जावई, खाऊच्या डब्यातले चार लाडू आधीच काढून खिशात घातले होते. मंदानं डबा वाजवला, 'कमी हाय' म्हणाली आणि सगळ्या पोरींसमोर यांच्या खिशाकडे बोट करून असंच ओठांवर ठेवलं होतं.

"मंदे..." यांच्या तोंडून निघालं. एवढंच.

"मंदा? आई?" रश्मी दोघांकडे बघत राहिली. "काय झालं? कोनी सांगान काय मले?"

मी डबा त्या बाईपुढे धरला. ओळखणाऱ्याला पहिला खाऊ, ही रीतच. तिनं एक गोरसपाक घेतला, मोडला, आणि अर्धा तुकडा आधी रश्मीच्या हातावर ठेवला. मग उरलेला आपल्या तोंडात टाकला.

बोटीत पूर्ण तासभर मी बोलत होते. एकदा डबा आठवल्यावर बाकीचं त्याच्या मागोमाग आलं. मंदा शिट्टी वाजवायची, वडिलांसमोरसुद्धा. सायकल उतारावर दोन्ही हात सोडून चालवायची, पण पोळ्याच्या दिवशी बैलाला घाबरून माळ्यावर जाऊन बसायची. दुसऱ्याच्या ताटातलं लोणचं तिला जास्त आवडायचं. मधेच हे म्हणायचे, "अन् ते सांग नं, ते विहिरीचं..." रश्मी रडत होती आणि हसत होती. काचेबाहेर समुद्र होता म्हणतात, आम्ही पाहिला नाही.

आता इथे वाचणाऱ्यांची अपेक्षा असेल की बोटीतून उतरलो आणि ती बाई गायब! तसं काही झालं नाही. ती आमच्यापुढे तीन रांगा सोडून तोंड उघडं टाकून झोपली होती. सिंगापूरच्या धक्क्यावर तिला न्यायला तिचा मुलगा आला होता. त्याला इंग्रजी येत होतं. रश्मीनं त्याला गाठून विचारलं, तुमच्याकडे डबा वाजवून ओळखायचा काही खेळ असतो का? त्यानं आईला विचारलं. बाई लाजली, हात हलवून काहीतरी म्हणाली. मुलानं सांगितलं, "असा खेळ आमच्याकडे नाही. आई म्हणते, माफ करा. परक्या बाईच्या डब्याला हात का लावला, ते तिचं तिलाच कळलं नाही."

माझ्यातली मास्तरीण अजून जिवंत होती. घरी आल्यावर मी तोच डबा तसाच भरला. वर चिवडा, मधे कागद, खाली गोरसपाक. शेजारच्या चौघींना वाजवून बघायला लावला. मी स्वतः वाजवला. वास चिवड्याचाच येतो, आवाजावरून दोन थर आहेत असं काहीही कळत नाही. यांच्या चेहऱ्यावरून तिनं चोरी ओळखली असेल, हे मी मान्य करते. पण ते पेर, ते मिटलेले डोळे, ते जिभेचं टोक? योगायोग म्हणायचं तर म्हणते. म्हणताना मात्र माझा आवाज वर्गातल्यासारखा निघत नाही.

कॉलनीतलं कुणी सिंगापूरला निघालं की आमच्याकडे विचारायला येतं, बाटमची ती बोटीची ट्रिप करावी का, दिवस वाया तर नाही ना जात? हे सांगतात, "पाह्यासारखं काईच नाई तिथं." जरा थांबून म्हणतात, "जाऊन येजा."

त्या वर्षी कोजागिरीला रश्मी रजा टाकून घरी आली. कॉलनीतल्या मुलींची भुलाबाई आमच्या गच्चीवर होती. गाणी झाली, मी डबा झाकून नेला. एक मुलगी तो खडखडा हलवायला लागली, तशी रश्मीनं तिच्या हातातून घेतला.

"अवं, असं नाई हालवाचं. हे पाय." तिनं डबा उलटा केला, नाक लावलं, कानाशी धरला. पेरानं टकटक केलं. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात आलं होतं.

"माही आई असं करे," ती मुलींना म्हणाली.

सहज म्हणाली. पाहिलेलं सांगावं तसं. मग 'शंकरपाळे' म्हणून ओरडली आणि साफ चुकली, आत भाकरवडी होती. मुली हसल्या, तीही हसली.

ते कुणी दाखवलं, कसं दाखवलं, मला आजही सांगता येत नाही. पण तू वर्षाची होतीस, तू कुठे पाहिलंस आईला, असं मी काही तिला म्हटलं नाही.