डॅमेज पीस

दुपारी चहाला उठले तेव्हा माझ्या मानेवर मागच्या बाजूला लाल बाणाचं स्टिकर चिकटवलेलं होतं. मला सोडून सगळ्यांना ते दिसत होतं. इस्त्रीवाले हसत होते, मशीनवरचे कारीगर हसत होते. मला वाटलं, केसात धागे अडकले असतील. जीन्सच्या कारखान्यात ते रोजचंच. मग मालकाचा भाचा विकी टेबलावर पाय हलवत बसला होता, तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "डॅमेज पीस है, पर चल जाएगा."

हशा पिकला. खाली बसून धागे कापणारी मालन मावशी तेवढी हसली नाही. मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "मानंवर हात फिरव गं."

माझ्या मानेवर कोड आहे. नववीत असताना आलं. केस मोकळे सोडले की झाकलं जातं, पण कामावर केस वर बांधावेच लागतात. बोटांना बाण लागला, टोक बरोबर त्या पांढऱ्या डागावर. रडू आलं नाही. राग आला. चहा तसाच टेबलावर ठेवून दिला.

मी तिथे चेकर. उल्हासनगरच्या कॅम्पातला दोन मजली कारखाना. तयार पॅन्ट टेबलावर पसरायची, टाका सुटला असेल किंवा डाग पडला असेल तिथे लाल बाण लावायचा आणि ती बाजूला टाकायची. पॅन्टला पॅन्ट कोणी म्हणत नाही. पीस. काम पीसवर, पगार पीसवर, भांडणंही पीसवरूनच. शाळेत बाईंनी या शब्दाचा अर्थ तुकडा असा सांगितला होता. आईला हळदीकुंकवात ब्लाउजपीस मिळायचा, ती तो कपाटात जपून ठेवायची. घरात कोणी विचित्र वागलं की आम्ही म्हणायचो, काय पीस आहे हा. आणि संध्याकाळी घरी येताना, आमच्या बुवापाड्यात शिरताना नाक्यावरची पोरं म्हणायची, क्या पीस है. तेव्हा ओढणी आवळून घ्यावी लागायची. इतक्या ठिकाणी ऐकलेला शब्द. पण माझ्या कातडीला तो कोणी चिकटवला नव्हता.

मावशी बाण काढायला गेली. मी तिचा हात धरला.

कारण आमच्या टेबलाचा एक नियम होता. मालकानेच केलेला. कारीगर गुपचूप बाण काढून खराब माल पुढे सरकवायचे, म्हणून केलेला. बाण ज्याने लावला त्यानेच काढायचा. काढण्याआधी फॉल्ट काय होता ते तोंडाने सांगायचं. दुसऱ्या कोणी हात लावला तर त्याची कामावरून सुट्टी.

मी बाण तसाच ठेवला, केस आणखी वर बांधले आणि वर मालकाच्या केबिनमध्ये गेले. आत बाहेरगावचे दोन व्यापारी सॅम्पल बघत बसले होते. बरंच झालं. त्यांना नीट दिसेल अशी उभी राहिले.

"सेठ, ये स्टिकर विकीभाई ने लगाया है. उसको बुलाओ. पहले फॉल्ट बोलेगा, फिर निकालेगा."

मालक गोरामोरा झाला. बच्चा आहे, गंमत केली, तूच काढून टाक, असं म्हणाला. माझ्याहून मोठा, लग्न झालेला बच्चा. मी म्हणाले, नियम तुमचा आहे. तर माझ्यावर ओरडला, कामाला लाग म्हणाला.

मी टेबलाशी गेले, पण पॅन्टला हात लावला नाही. शेजारच्या दोघी चेकरनीही काम थांबवलं. मावशीने कात्री खाली ठेवली. दाराशी टेम्पो उभा होता आणि चेक झाल्याशिवाय माल भरता येत नव्हता. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला.

शेवटी विकी आला. हसतच आला. मागे मालक. विकीने माझ्या मानेकडे हात नेला तशी मी बाजूला सरकले.

"पहले फॉल्ट."

"अरे, मजाक था."

"मजाक फॉल्ट नहीं होता."

मशीनं थांबली होती. तो मामाकडे बघायला लागला. मामा टेम्पोकडे बघत होता. विकीचं हसू गेलं, कान लाल झाले. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? तो जितका वेळ अडखळत होता तितका वेळ मला हवाच होता.

"कोई फॉल्ट नहीं है," तो पुटपुटला. मी म्हणाले, जोर से. मग तो मोठ्याने बोलला आणि त्याने बाण काढला.

संध्याकाळी मालकाने निरोप धाडला. उद्या विकीला सॉरी म्हण, नाहीतर येऊ नकोस. दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गेले आणि सगळ्यांसमोर मालकाला सांगितलं, सॉरी म्हणणार नाही, कामही सोडणार नाही. काढायचं असेल तर का काढलं ते इथेच उभं राहून बोला. तो जिना चढून केबिनमध्ये निघून गेला. मी टेबलाशी जाऊन उभी राहिले.

अजून तिथेच आहे. विकी आता माझ्या टेबलासमोरून जात नाही. संडासाच्या बाजूचा मागचा जिना चढून केबिनमध्ये जातो. पावसाळ्यात तिथे घोटाभर पाणी साचतं, तरी तिकडूनच. मावशी म्हणते, पुरे झालं, आता सोड त्याला. मी सोडणार नाही. कारखाना त्याच्या मामाचा असेल, पण मी इथे उभी आहे तोवर त्याने मागच्याच जिन्याने यायचं.