वीतभर कापलेली घसरगुंडी

माझी बायको मंजूषा पुण्यात बावीस वर्षं गणित शिकवत होती. माझ्या नोकरीपायी ती नेदरलँड्समध्ये, कापेल गावी आली आणि चार वर्षं घरी बसली. बसली म्हणजे काय, डच शिकली, परीक्षा दिल्या आणि वर माझ्या डोक्यावर मिरे वाटले. शेवटी लायडनच्या एका शाळेने तिला एक तास शिकवून दाखवायला बोलावलं. तास जमला तर नोकरी.

तिने विषय निवडला हायगेन्स या जुन्या डच गणितज्ञाचा. सायकलच्या चाकाला खडू बांधून चाक भिंतीलगत फिरवलं की खडू एक कमान काढतो. ती उलटी करून तिची घसरगुंडी केली, तर गोटी वरून सोडा नाहीतर मधून, तळाशी पोचायला वेळ सारखाच लागतो. द हेगच्या या माणसाने साडेतीनशे वर्षांपूर्वी ते सिद्ध केलं आणि त्यावर लंबकाचं घड्याळ बेतलं. "त्यांचंच गणित त्यांच्याच पोरांना दाखवते," मंजूषा म्हणाली.

आमच्या मुलीच्या, ईशानीच्या, जुन्या सायकलच्या चाकाने तिने अर्धी कमान आखली. मी ती लाकडात कापली, शेजारी शेजारी दोन खाचा पाडल्या. न्यायची कशी? आमच्या घरात काहीही न्यायचं म्हणजे पुण्याहून भाजणी आणि मसाले आणणारी मोठी सुटकेस. घसरगुंडी तिच्यात बसेना, म्हणून मी खालून वीतभर कापली. एवढ्याशाने काय होतंय! तिला सांगायचं राहूनच गेलं.

सुटकेस उचलायला मीही गेलो आणि वर्गात मागे बसलो. दोन गोट्या सुटल्या. खालची आधी पोचली. पोरं हसली.

"मेव्रॉव, जवळची आधी पोचणार हे आम्हाला माहीत होतं," एक उंच मुलगी म्हणाली. मेव्रॉव म्हणजे डचमध्ये बाई. मागे बसलेल्या मुख्याध्यापिकेने वहीत काहीतरी लिहिलं.

मंजूषाने घसरगुंडीच्या टोकावर बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "अजित, कापलीस?"

"बसत नव्हती गं."

दुसरी कुणी रडली असती. ही वर्गाकडे वळून डचमध्ये म्हणाली, "गणित बरोबर आहे. लाकूड माझ्या नवऱ्याने कापलंय. किती, ते शोधा. चाकाची त्रिज्या पंचवीस सेंटिमीटर."

पोरं भिडली, भांडली. अर्धी कमान जमिनीवर चाकाच्या अर्ध्या परिघाएवढी पसरते, हे त्या उंच मुलीनेच शोधलं. म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर. उरलेली भरली साडेअठ्ठावन्न. "वीस गेले!" मंजूषाने मला पुढे बोलावून माझी वीत पट्टीवर ठेवायला लावली. बरोबर वीस. भर वर्गात माझी चोरी पकडली गेली आणि अभिमानाने माझीच छाती फुगली.

पोरांनी आकडे मांडून राहिलेला तुकडा आखला, पुठ्ठ्याचा करून चिकटवला. पुन्हा दोन गोट्या सोडल्या. एकच टक्.

तास संपला, वर्ग रिकामा झाला. ती मुलगी मात्र फळ्यापाशी थांबली. "पण असं का होतं?" मंजूषाने मार्कर उचलला.

मुख्याध्यापिका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ऑगस्टपासून या म्हणावं त्यांना."

मी मान डोलावली, पण मंजूषाला हाक मारली नाही. ती शिकवत होती.